पाकिटावरचं कारण

रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहतात. मंडळी एकमेकांना 'जय ख्रिस्त' म्हणत बाहेर पडते, अंगणात चहाची किटली फिरते, आणि आम्ही दोघं वेस्ट्रीच्या, म्हणजे वेदीजवळच्या खोलीतल्या, टेबलावर अर्पणाच्या थैल्या उपड्या करतो. मी आणि एक निवृत्त गुरुजी. बारा वर्षं झाली, मी आमच्या चर्चचा खजिनदार आहे. बँकेत कॅशियर होतो, म्हणून पंच कमिटीने हे काम माझ्याकडे दिलं. नोटा एकाच तोंडाने लावायच्या, नाणी दहा-दहाची चवड करून मोजायची, मग रजिस्टरमध्ये आकडा आणि खाली दोघांच्या सह्या. नगरला (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं) अशा कितीतरी चर्चमध्ये त्या वेळी हेच चाललेलं असतं.

थैलीतल्या पैशाला नाव नसतं. आभारदानाच्या पाकिटाला असतं. पांढरं साधं पाकीट, त्यावर तीन ओळी छापलेल्या : नाव, रक्कम, कारण. सगळ्यांत कमी जागा 'कारण' या ओळीला ठेवलेली आहे, आणि माझं लक्ष मात्र आधी तिथेच जातं.

'मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला.' 'बोअरला पाणी लागलं.' 'आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.' 'एसटीत राहिलेली पिशवी परत मिळाली, आत जमिनीचे कागद होते.' एकदा एका बाईंनी लिहिलं होतं, 'जावई बोलायला लागले.' तीनच शब्द. पाकिटात वीस रुपये होते. ते वाचून गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि आम्ही थोडा वेळ काहीच मोजलं नाही.

आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारं कारण म्हणजे 'सर्व आशीर्वादांबद्दल'. ते मीही कितीतरी वर्षं लिहिलंय. त्याबद्दल पुढे सांगतो.

आपल्या मराठीत 'आभार' हा शब्द कुठे भेटतो बघा. कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यांत शेवटी. अध्यक्षीय भाषण झालं की आभारप्रदर्शन, आणि ते सुरू झालं की खुर्च्या सरकायला लागतात, लोक पिशव्या आवरतात. घरात तर कुणी कुणाचे आभार मानतच नाही. आईने ताट वाढलं तर तिला 'आभारी आहे' म्हणणारा मुलगा परका वाटेल. 'उपकार' हा शब्द मात्र घरातला आहे आणि जड आहे. उपकार फेडायचे असतात, किंवा फिटत नाहीत म्हणून आयुष्यभर आठवायचे असतात. मराठी पवित्र शास्त्रात आहे ती उपकारस्तुती. शंभरावं स्तोत्र तर सांगतं की देवाच्या दारातून आत शिरतानाच उपकार आठवत या. शेवटी खुर्च्या सरकताना नाही, उंबरठ्यावरच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आजीमुळे कळलं.

माझं गाव नेवासे तालुक्यातलं. आजीला अक्षरओळख नव्हती. पण 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली गाणी तिला आकड्यानिशी पाठ होती. पाळकाने नुसता क्रमांक सांगितला की ती पहिली ओळ उचलायची. नारायण वामन टिळकांची पदं तिच्या फार आवडीची. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंगात, ओवीत, आपल्या चालींत आणली. त्याआधी आमच्याकडे इंग्रजी चालींवर बसवलेली गीतंही पुष्कळ होती, आणि ती अजूनही आम्ही मनापासून म्हणतो. पण रात्री भजनाला बसलं की टाळ आणि पेटीवर टिळकच. आजीला टिळक कोण, कुठले, हे ठाऊक नव्हतं. "त्या बाबाचं म्हण," एवढंच म्हणायची.

तिची प्रार्थना मात्र गाण्यातली नसायची. संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या डोळे मिटायची आणि सुरू व्हायची. "देवा, शेळी व्याली, दोन करडं झाली, तुझे उपकार. रांजणात पाणी हाय, तुझे उपकार. थोरल्याचा ताप उतरला, तुझे उपकार. शेजारणीशी भांडले, ते वंगाळ झालं, उद्या जाईन तिच्याकडं." मध्येच तव्यावरची भाकरी उलटायची आणि पुढे चालू. मला लहानपणी वाटायचं की ही देवाला दिवसाचा हिशेब देतेय. आज इतकी वर्षं हिशेबात घालवल्यावर वाटतं, तेच बरोबर होतं. प्रत्येक रकमेपुढे ती कशाची, हे लिहिलेलं होतं.

आमच्या गावात हंगामाचा सण दिवाळीनंतर, बाजरी घरात आली की व्हायचा. ज्याच्याकडे जे असेल ते वेदीपुढे आणायचं. बाजरीची पाटी, मूग, भोपळे, अंडी, गुळाची ढेप, पाय बांधलेली कोंबडी. प्रार्थना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. एकच नारळ चार-चार वेळा विकला जायचा, कारण घेणारा पैसे द्यायचा आणि नारळ पुन्हा लिलावाला ठेवायचा. कोंबडी ओरडत असायची, पोरं हसत असायची. मला तो दिवस नाताळाइतकाच आवडायचा.

1972 साली बाजरी घरात आलीच नाही. पाऊस गेला, खरीप गेला, विहिरी उन्हाळ्यासारख्या खोल गेल्या. मी आठ वर्षांचा होतो. आई आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आजीच्या तळहाताला पडलेल्या भेगांत रात्री आई तेल भरायची, ते मला आठवतं. खायला सुकडी आणि रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशात अडकायची. त्या वर्षी हंगामाचा सण करायचा की नाही यावर चर्चमध्ये बोलणं झालं. हंगामच नाही तर सण कशाचा, असं काही जण म्हणाले, आणि त्यात खोटं काय होतं? पाळकांनी सांगितलं की उपासना तेवढी करू, आणायला कुणी काही आणू नका.

आजी ओंजळभर मिलो पदराच्या टोकाला बांधून घेऊन गेली.

वेदीपुढे तिने गाठ सोडली. लाल दाणे पितळी ताटात पडले, त्यांचा आवाज झाला, कारण ताटात दुसरं काहीच नव्हतं. मागून एक म्हातारे वडील म्हणाले, "अहो, ही काय आपल्या रानात पिकली? ही तर बाहेरून आलेली. हंगामाचा सण आपल्या पिकाचा असतो." आजी वळली. तिचा आवाज चढला नाही. "पोटात गेली नव्हं? मग उपकार कुणाचे?" आणि जागेवर येऊन बसली. त्या दिवशी लिलाव झाला नाही. पाळकांनी हबक्कूकच्या पुस्तकातला तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. पुढे हे वचन मी अनेक मोठ्या सभांमध्ये माइकवरून ऐकलं. पण मला ते आजही त्या पितळी ताटातल्या आवाजासकटच ऐकू येतं.

आजीला बाहेरून आलेल्या दाण्याची लाज वाटत नव्हती, त्याला कारण होतं. तिचे वडील 1900 च्या दुष्काळात सात-आठ वर्षांचे असताना अनाथ झाले. त्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनने नगर जिल्ह्यात मुलांसाठी अनाथाश्रम काढले होते. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनीही शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. आजीच्या वडलांना कुणीतरी हाताला धरून मिशनच्या आवारात आणून सोडलं. तिथे त्यांना भाकरी मिळाली, ते सुतारकाम शिकले आणि पुढे ख्रिस्ती झाले. आमचं घराणं तिथून सुरू होतं.

बँकेत असताना एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणावं तसं म्हटलं, "तुमची माणसं तेव्हा भाकरीसाठीच गेली ना?" मी डबा बंद केला. उत्तर दिलं नाही. सुचलंच नाही. पण ते वाक्य पुढे फार वर्षं माझ्याबरोबर राहिलं, कारण प्रश्न खरा होता. पोटासाठी वाकलेल्या गुडघ्यांची भक्ती खरी की खोटी?

योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात येशूनेच हे विचारल्यासारखं आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत येतात, तेव्हा तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. हे वचन मी खूप दिवस टाळत होतो. मग एकदा नीट, सावकाश वाचलं. हे सांगणाऱ्यानेच आदल्या दिवशी त्यांना गवतावर बसवलं होतं, भाकरी हातात घेऊन उपकारस्तुती केली होती आणि त्यांना पोटभर वाढलं होतं. तुमचं मन शुद्ध आहे का, हे त्याने वाढण्याआधी कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या पणजोबांनी भाकरी खाल्ली, आणि ज्याने दिली त्याला साठ वर्षं विसरले नाहीत. गावातल्या चर्चचा दरवाजा त्यांनी स्वतःच्या हातांनी केला, मजुरी न घेता. सागाचा आहे, अजून वाकलेला नाही. त्या सहकाऱ्याला आज मी सांगेन, हो, भाकरीसाठीच. त्यात लपवण्यासारखं काय आहे? येशूमुळे दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि त्यांतला एकच उपकार मानायला परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. तोसुद्धा बरा झाला म्हणूनच परत आला होता.

आता रकमेबद्दल. आमच्याकडे पूर्वी पाकिटावरचं सगळं माइकवरून वाचलं जायचं. नाव, कारण, रक्कम. पाचशे वाचल्यावर माना वळायच्या, आणि अकरा वाचल्यावर अकरा देणारी बाई पदर सारखा करायची. मला ते आतून खुपायचं. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात हे पाहत होता, असं मार्क लिहितो. दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणारी विधवा त्याला तिथेच दिसली. खजिनदाराला हे वचन फार जवळचं आहे, कारण त्या जागेवर आठवड्याला मी बसतो. पण त्याने तिची रक्कम तिला हिणवायला सांगितली नव्हती. मी कमिटीत प्रस्ताव मांडला की नाव आणि कारण वाचावं, रक्कम वाचू नये. वाटलं होतं एका बैठकीत होईल. दोन वर्षं लागली. "लोकांना उत्तेजन मिळतं" असं म्हणणारेही मनाने चांगलेच होते, त्यांना छपराची काळजी होती. शेवटी 2016 साली ठराव झाला. त्यानंतर अर्पण किती वाढलं की घटलं, हे मी मुद्दाम लिहीत नाही. पाकिटांची संख्या मात्र वाढली.

आणि मी स्वतः? मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक पाकीट टाकायचो. 'सर्व आशीर्वादांबद्दल.' पगार झाला की वीजबिल, दूध, पाकीट. 2017 च्या पावसाळ्यात पत्नीला कर्करोग असल्याचं निदान झालं. तरीही पाकीट चालूच. केमोच्या दिवसांत मी मंडळीपुढे उभा राहून प्रार्थनाही करत होतो. 'हे स्वर्गीय पित्या, तू आम्हाला हा सुंदर दिवस दाखवलास म्हणून आम्ही तुझे आभार मानतो.' तो दिवस सुंदर नव्हता. रात्रभर बादली धरून बसलो होतो.

एका रविवारी मोजताना गुरुजींच्या हातात माझं पाकीट आलं. ते बोटाने ती ओळ दाखवत म्हणाले, "सर्व म्हणजे काय रे?" टोमणा नव्हता, शाळेत फळ्यापाशी विचारावं तसं विचारलं होतं. मला एकही गोष्ट सांगता आली नाही.

घरी येऊन हे पत्नीला सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "मग लिहू नका ना. रुसलाय तर रुसलोय म्हणून सांगा त्याला. त्याला काय कळत नाही?" मग तिने मला स्तोत्रसंहिता आणायला लावली. तेरावं काढा म्हणाली, 'किती वेळ, परमेश्वरा' असं विचारणारं. मग अठ्ठ्याऐंशीवं, जे अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही. दीडशे स्तोत्रांमध्ये गाऱ्हाण्यांची इतकी आहेत आणि मी ती खजिनदार म्हणून, पंच म्हणून कधी उघडलीच नव्हती. शोमरोनी बाईला येशूने विहिरीपाशी सांगितलं की खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करतील. मराठीतला तो 'खरेपणा' शब्द मी आयुष्यभर वाचत आलो होतो. त्या रात्री मी पहिल्यांदा देवाला सांगितलं की मला तुझा राग आलाय. ती शेजारी बसून ऐकत होती. मी थांबल्यावर 'आमेन' तिने म्हटलं.

दोन आठवड्यांनी तिनेच पाकीट मागितलं. हात थरथरायचा म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. 'काल मऊ भात पोटात राहिला.' आत एकावन्न रुपये. पाळकसाहेबांनी ते माइकवरून वाचलं, आणि पुढचं पाकीट हातात घ्यायला त्यांना वेळ लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी 'आमेन' म्हणालं. बायकांच्या बाजूने अजून दोन-चार आवाज आले.

ती 2018 च्या मार्चमध्ये गेली. शेवटच्या महिन्यात पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रभुभोजन दिलं. ज्या रात्री त्याला शत्रूंच्या हाती धरून दिलं, त्याच रात्री येशूने भाकरी घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली, हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले असतील. 'ज्या रात्री' हे दोन शब्द त्या दिवशी ऐकू आले. तिला भाकरीचा अगदी कणभर तुकडा गिळता आला. तिने डोळ्यांनी मला पाणी मागितलं आणि मग हसली.

त्यानंतर आठ-नऊ महिने मी पाकीट टाकलं नाही. दुसऱ्यांची मोजत होतो. गुरुजींनी एकदाही विचारलं नाही. वर्षअखेरच्या उपासनेत लोक एकेक करून साक्ष द्यायला उठतात, 'येथवर परमेश्वराने साहाय्य केलं' म्हणतात. त्या 31 डिसेंबरला मी बसूनच राहिलो, आणि बसून राहणंच त्या वेळी माझ्याकडचं खरं होतं. मंडळीने मला तसं बसू दिलं.

पुढे लॉकडाऊन आलं, 2020 चा ईस्टर घरात मोबाइलसमोर झाला, चर्चच्या खांबावर क्यूआर कोडचा कागद लागला. आता बरंच अर्पण फोनवर येतं. काही जण तिथल्या छोट्या चौकटीत कारण लिहितात, बरेचसे लिहीत नाहीत. मी सूचनांच्या वेळी उभा राहून दर महिन्याला विनंती करतो की दोन शब्द लिहीत जा. तेवढं मागणं मी सोडणार नाही.

मुलगा पुण्याला असतो, मी एकटा राहतो. पोळ्यांना बाई येते, पण भाकरी मला आजीच्या हातासारखी हवी असते, म्हणून गेल्या वर्षी स्वतः शिकायला बसलो. पीठ ताजं दळलेलं पाहिजे, पाणी कढत पाहिजे, आणि मळताना तळहाताचा जोर पुरेपूर लावला पाहिजे. मी पीठ हलक्या हाताने मळायचो, म्हणून परातीतच चिरा जायच्या. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, मग विस्तवावर. माझ्या भाकऱ्या कडक आणि चपट्या व्हायच्या. ताकात कुस्करून खाल्ल्या महिनाभर. मागच्या शनिवारी रात्री एक भाकरी जाळीवर टाकली, ती एका बाजूने उचलली गेली आणि बघता बघता टम्म फुगली. मी चिमटा हातात धरून तसाच उभा राहिलो. स्वयंपाकघरात दाखवायला कुणी नव्हतं. मोठ्याने म्हणालो, "देवा, तुझे उपकार." आवाज आजीसारखा निघाला.

रविवारी गुरुजींनी पाकिटं उघडायला घेतली. माझं पाकीट हातात आल्यावर त्यांनी कारण वाचलं, रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे सावकाश लिहिलं : 'भाकरी फुगली.' मग पेन तसंच धरून विचारलं,

"ज्वारीची की बाजरीची?"

"बाजरीची," मी म्हणालो.

त्यांनी कंसात तेही लिहिलं.